लोंढ्याच्या गार्डची पेटी

बुधवार, बेळगाव

ट्रंक सव्वादोन फूट लांब, फूटभर उंच, हातात घेतली की दंडाला रग लागेल अशा जाड पत्र्याची. बाहेरून हिरवा रंग, झाकणावर विटलेली लाल फुलं आणि दोन पोपट. दोन्ही टोकांना लोखंडी मुठी. जुन्या सामानाच्या दुकानात ती मला "मिल्ट्रीची" म्हणून विकली गेली. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे, त्यामुळे इथली कुठलीही जुनी पेटी मिल्ट्रीचीच ठरते आणि तशी ठरली की भावही चढतो. पण पोपट-फुलांखाली काळा रंग दिसत होता, आणि हिरव्या पोपटाच्या पोटाशी रंगाची खपली उडाली होती तिथं काळ्यावर पांढरी रेघ होती. तिथून मला चैन पडेना.

जुनी ट्रंक हाती आली की बहुतेक लोक आधी पॉलिश पेपर आणतात. कृपा करून तसं करू नका. नाव लिहिलेलं असतं ते वरच्याच थरांत, आणि दहा मिनिटांत ते कायमचं जातं. मी रात्री खोलीतले दिवे घालवले आणि टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. ब्रशनं काढलेल्या अक्षराला जाडी असते. वरून दुसरा रंग मारला तरी अक्षराची कड उचललेली राहते आणि आडव्या उजेडात तिची सावली पडते. पुढच्या बाजूला, पोपटांच्या खाली, इंग्रजी मोठी अक्षरं हळूहळू वर आली. मधोमध ‘गार्ड’. त्याच्या उजवीकडे ‘एल डी’. वरच्या ओळीत नाव होतं, पण तिथंच कोयंड्याची पट्टी नंतर बदललेली, त्यामुळे मधला भाग गेलेला. पहिलं अक्षर ‘जे’ आणि आडनावाच्या अगदी शेवटी ‘झेड’, एवढंच हाती लागलं.

झाकणाच्या आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं, तपकिरी पडलेलं, मराठी. नाव फाटलेलं. एका तुकड्यावर गूळ आणि शेंगांचे बाजारभाव, दुसऱ्यावर अर्धी ओळ, तिच्यात ‘म्हैसूर राज्यात’ हे शब्द. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. तेव्हा हा कागद त्या सुमाराचा असावा. मात्र कागदावरून ट्रंकेचं वय निघत नाही. ती या कागदाहून धाकटी नसावी, इतकंच. पेटी त्याच्या आधी पन्नास वर्षं वापरात असू शकते.

गुरुवार, कॅम्प आणि खडे बाजार

सकाळी कॅम्पात राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदारकाकांकडे मावसभावासोबत ट्रंक घेऊन गेले. त्यांनी चहा यायच्या आतच निकाल दिला. "आमच्या काळ्या पेटीवर आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, आणि खाली युनिट. नंबर न्हाई ती पेटी फौजेची न्हाई." मी ‘एल डी’बद्दल विचारलं. पलटणीत असं काही नसतं म्हणाले, आणि स्वतःची पेटी कॉटखालून ओढून दाखवली. चाळीस वर्षांनंतरही नंबर स्वच्छ. दर दिवाळीला ते अक्षरांवरून पांढरा रंग फिरवतात.

खडे बाजारच्या बाजूला पत्र्याचं काम करणारे एक आजोबा अजून बसतात. हल्ली त्यांच्याकडे धान्याच्या कोठ्या आणि पन्हळींचंच काम येतं. त्यांनी ट्रंक उलटी केली आणि कडेवरून अंगठा फिरवला. कडेला आत तार घालून पत्रा तिच्यावर वळवलेला होता, कोपरे रिवेट मारून बसवलेले, वेल्डिंगचा ठिपका कुठंही नाही. "हे बाजारातलं काम न्हाई. एकाच मापाच्या दहा-वीस पेट्या करून घेतल्यात कुणीतरी. कंपनीचं काम हाय." कोयंडा मात्र नंतरचा, तो हातानं घडवलेला आणि घाईत ठोकलेला.

कंपनी म्हटल्यावर माझ्या मनात एकच आली. पुण्याहून बेळगाववरून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग ज्या सदर्न मराठा रेल्वेनं १८८० च्या दशकात टाकायला घेतला, ती कंपनी १ जानेवारी १९०८ ला मद्रास रेल्वेत मिसळली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. इथली म्हातारी माणसं अजून तिला ‘एमएसएम’ म्हणतात. मावसभावानं भर रस्त्यात ट्रंकेची डावी बाजू उन्हाला तिरपी धरली आणि तीच अक्षरं तिथं निघाली: ‘एम अँड एस एम’. त्यांच्यावर, किंचित तिरकी, दुसरी दोन अक्षरं: ‘एस आर’. सदर्न रेल्वे. ती स्थापन झाली १४ एप्रिल १९५१ ला. म्हणजे त्या दिवसाच्या आधीही आणि नंतरही ही पेटी रेल्वेच्या कामावर होती. आणि ‘एल डी’ हा लोंढा जंक्शनचा कोड, हे तिथं चहा पीत उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानं सांगितलं.

शुक्रवार, वडगाव

दुकानदारचाचांनी ज्या घरातून ट्रंक उचलली ते घर वडगावच्या विणकर वस्तीत. घर पाडून नवं बांधायचं चाललंय. मागच्या खोलीतले माग केव्हाच गेले. भिंतीतले खुंटे तेवढे होते. घरातल्या काकू शाळेत कारकून होत्या, आता निवृत्त. त्यांना ट्रंक विकल्याचं वाईट वाटत होतं, पण ठेवणार कुठं? १९८० च्या दशकात त्या टिळकवाडीत कॉलेजला आल्या तेव्हा आत्यानं नंदगडहून ही ट्रंक त्यांच्यासोबत दिली होती. पुस्तकं, दोन साड्या, चिवड्याचा डबा. "पोपट बघून हॉस्टेलातल्या मुली हसायच्या. मी पोपटांवर चादर टाकायची," म्हणाल्या. त्यांनी आत्यांना तिथल्या तिथं फोन लावून दिला.

शनिवार, खानापूर, नंदगड

सकाळी निघालो. देसूर सोडलं की झाडी दाट होत जाते आणि सुगीचे दिवस असल्यानं दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. खानापुरात मलप्रभेच्या पुलाजवळ थांबून नाश्ता केला. पुलाच्या पलीकडे कौलांच्या भट्ट्यांची धुराडी दिसतात. आता थोडीच चालतात. खानापूरच्या कौलांवर आणि विटांवर या भागातली दोन-तीन पिढ्यांची घरं उभी आहेत. नंदगड तिथून फार लांब नाही. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळी रायण्णाला १८३१ मध्ये फाशी दिली ते हे गाव. समाधीचा वड रस्त्यालगतच आहे. एकेकाळी गोव्याच्या घाटानं येणाऱ्या मालाची ही मोठी पेठ होती, आणि पेठेतल्या घरांचे लाकडी खांब अजून ते सांगतात.

काकूंच्या आत्या, म्हणजे आता आज्जीच, नव्वदीला टेकल्यात. ओसरीवर बसून शेंगा फोडत होत्या. ट्रंक गाडीतून उतरवली तशा उठल्या आणि झाकणाला हात न लावता आधी मागच्या बिजागरीला हात लावला.

"हितं तार घातलीती बघ आमच्या अण्णांनी. अजून हाय."

खरंच, डाव्या बिजागरीची पिन म्हणजे तांब्याच्या तारेचा तुकडा होता. टॉर्च घेऊन इतकं बघूनही मला तो दिसला नव्हता, आणि त्यांच्या बोटांना तो कुठं आहे हे माहीत होतं.

त्यांचे वडील तिनईघाट स्टेशनात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. लोंढ्यापुढचं स्टेशन ते, मग कॅसलरॉक, आणि त्यापुढं पोर्तुगीजांचा मुलूख. कॅसलरॉकला जकात. गोव्याच्या गाडीतून येणाऱ्याचं बोचकं तिथं सोडून बघायचे. "आमी क्वार्टरात. बाजूला दोन महिने गार्डसाहेब ऱ्हायलेले, त्यांचं लोंढ्याचं क्वार्टर गळायचं म्हणून. गोव्याचे किरिस्ताव. त्यांची बाई आणि आमची आई, दोघींचं लई गूळपीठ." पहिली दोन भांडी बदलली ती आंब्याच्या लोणच्यावरून, असं त्यांनी सांगितलं. नाव विचारलं तर गार्डसाहेबांचं नाव त्यांना येईना. सगळे गार्डसाहेबच म्हणायचे. पण त्यांच्या बाईचं नाव क्षणात आलं, आणि थोरल्या मुलीचंही. ती नावं मी इथं देत नाही.

मग १९५५ चा पावसाळा आला. गोवामुक्तीचे सत्याग्रही बेळगावात जमत होते, तिथून सीमेकडे जात होते. १५ ऑगस्टला सीमेवर गोळीबार झाला, माणसं मेली, आणि त्यानंतर भारत सरकारनं गोव्याशी रेल्वेची वाहतूक बंद केली. आज्जी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या. "गाडी यायची बंद झाली तसं ठेसन रिकामं. रातच्याला शिट्टी न्हाई, काय न्हाई. झोप यायची न्हाई आमाला." गोव्याच्या मार्गावर गाड्याच नाहीत म्हटल्यावर गार्डांच्या बदल्या निघाल्या. गार्डसाहेबांना हुबळीला टाकलं. पेटी जुनी झाली म्हणून त्यांना नवी मिळाली होती. जाताना त्यांच्या बाईनं जुनी पेटी आज्जींच्या आईकडे आणून ठेवली: पोरीच्या लग्नात द्या म्हणून.

पुढच्या ज्येष्ठात लग्न ठरलं. वडिलांनी काळ्या पेटीला हिरवा रंग काढून घेतला. "काळी पेटी लग्नात कशी देतील गं? पेंटर गुंजीच्या माऊलीच्या जत्रेत बसायचा, पाळण्यांवर चित्रं काढायचा त्योच." कोयंडाही तेव्हाच बदलला, जुन्याची किल्ली गार्डसाहेबांकडेच राहिली होती. नाव पुसलं गेलं ते त्या कोयंड्यापायी. आणि आतला कागद आज्जींनी स्वतः भाताच्या खळीनं चिकटवलेला. पत्र्याचा गंज इरकलीच्या काठाला लागला म्हणून. "लग्न झालं त्याच साली दिवाळीच्या सुमाराला आपण म्हैसुरात गेलो. सासरे पेपर वाचून रडले बघ. तेच पेपर मी लावले."

त्या वाक्यानंतर मी लिहायची थांबले होते. ट्रंकेवर नाव एका पुरुषाचं, शिक्का कंपनीचा, आणि सरकारदरबारी शोधायचं म्हटलं तर नोकरीचं पुस्तकही त्याच पुरुषाचं. पण ती पेटी एका बाईनं दुसरीला दिली, तिनं मुलीला, मुलीनं भाचीला, आणि यांतल्या एकीचंही नाव पत्र्यावर कधी चढलं नाही. जुन्या वस्तूंचा शोध घेणाऱ्यांनी कागदांच्या आधी घरातल्या बायकांना विचारावं असं मला मनापासून वाटतं. कुठल्या सालात काय झालं ते त्यांना लग्न, बाळंतपण आणि पाऊस यांवरून ठाऊक असतं, आणि तपासलं तर ते बरोबर निघतं. आज्जींनी सांगितलेला क्रम बघा: ऑगस्ट ५५ ला गाडी बंद, ज्येष्ठात लग्न, नोव्हेंबरात म्हैसूर. ट्रंकेतला एकही थर त्याच्या विरुद्ध जात नाही.

ट्रंकेत काय कुठं असायचं तेही त्यांनी हातानं दाखवलं. तळाला तांब्याची भांडी, त्यांवर शहापुरी आणि इरकल साड्या, डांबराच्या गोळ्या, आणि वर डाव्या कोपऱ्यात जमिनीचे उतारे. जेवण केल्याशिवाय सोडलं नाही. नव्या भाताचा वास अख्ख्या घरात होता.

रविवार, लोंढा

लोंढ्यात रेल्वे कॉलनीच्या मागं एक निवृत्त गार्डमामा राहतात. (आता गार्ड म्हणत नाहीत, २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’. मामांना हे नाव अजिबात आवडलेलं नाही.) ते नोकरीला लागले ते मीटर गेज असताना; १९९० च्या दशकात या मार्गाचं ब्रॉडगेज झालं ते त्यांच्या डोळ्यांदेखत. ट्रंक पाहताच म्हणाले, "लाइन बॉक्स!"

प्रत्येक गार्डची स्वतःची लाइन बॉक्स. गाडी घ्यायची तर बॉक्स पोर्टर ती डोक्यावरून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे मागच्या गार्डच्या डब्यात, आणून ठेवणार, गाडी सोडली की उतरवणार. आत लाल आणि हिरवे बावटे, शिट्टी, नियमांचं पुस्तक, प्रथमोपचाराचं सामान, रुळावरचे फटाके आणि हातदिवा. फटाक्यांचं त्यांनी नीट समजावलं. गाडी मधेच बंद पडली तर गार्डनं मागं चालत जायचं आणि येणाऱ्या गाडीला सावध करायला रुळावर फटाके बांधायचे: मीटर गेजला ४०० मीटरवर एक, आणि ८०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. चाक वरून गेलं की धडाका, ड्रायव्हर गाडी आवळतो. "पावसात, रात्री, कॅसलरॉकच्या खाली घाटात एकटं चालायचं. हत्तीबित्ती नसायचे म्हणा, पण गवे असायचे." त्या घाटाचा चढ ३७ ला १. गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं, आणि उतारावर मागच्या डब्यातल्या गार्डचा हात ब्रेकवरून निघत नसे.

मी त्यांना ट्रंकेचा तळ दाखवला. उजव्या कोपऱ्यात एक गोल डाग आहे, बशीएवढा, कडेला गंजाची बारीक कंगोरी आणि मधे रंग अगदी शाबूत, जरा तुकतुकीत. मी तो भांड्याचा समजत होते, पण आज्जींची भांडी डावीकडे असत. मामा काही न बोलता आत गेले आणि आपला जुना हातदिवा घेऊन आले. पत्र्याचा, रॉकेलवर चालणारा. वरची चकती फिरवली की पांढरा, लाल, हिरवा. त्यांनी तो डागावर ठेवला. कंगोरी दिव्याच्या बुडाला सगळीकडून सारखी लागली. "रॉकेल पाझरायचं," ते म्हणाले, "म्हणून खाली गंज चढला न्हाई." मग दिवा उचलून पुन्हा ठेवला, या वेळी काच पुढं करून, जसा ते गाडीत ठेवत. दिव्याची मूठ झाकणाला लागेल असं मला वाटलं, पण मूठ आडवी पडते. झाकण बसलं.

आडनावाच्या शेवटी ‘झेड’ आहे म्हटल्यावर मामा हसले. त्या काळात लोंढ्याच्या गार्डांत आणि ड्रायव्हरांत गोव्याचे ख्रिश्चन आणि अँग्लो-इंडियन बरेच, त्यामुळे ‘झेड’वर संपणारी आडनावं अर्ध्या कॉलनीची. नावावरून माणूस सापडणार नाही. "चर्चमध्ये जावा."

दुपारी कॅसलरॉकला जाऊन आलो. जायलाच हवं होतं असं नाही, पण ज्या गाड्यांवर ही पेटी गेली त्यांचं टोक पाहायचं होतं. फलाट स्वच्छ, जंगल रुळापर्यंत आलेलं, गोव्याकडे उतरणारी मालगाडी सिग्नलला उभी. सीमा १९६१ मध्ये गेली, जकातही गेली.

संध्याकाळी लोंढ्याच्या चर्चमध्ये फादरना भेटलो. ट्रंकेचे फोटो दाखवले. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली झाला; त्याच्या आधीचे कागद शोधायचे तर गोव्याकडेही विचारावं लागतं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. मग मी आज्जींनी दिलेली दोन नावं सांगितली, आईचं आणि थोरल्या मुलीचं, आणि मुलगी आज्जींहून चार-पाच वर्षांनी लहान. फादरनी बाप्तिस्म्याची वही काढली. पानं हातानं उलटू दिली नाहीत, स्वतःच बोट फिरवत गेले, आणि १९४१ च्या पानावर थांबले. मुलीचं नाव तेच. आईचं नाव तेच. वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर ‘जे’, आडनावाच्या शेवटी ‘झेड’, व्यवसायाच्या रकान्यात ‘गार्ड’, राहण्याचं ठिकाण लोंढा.

तिथूनच आज्जींना फोन लावला. नाव वाचून दाखवलं. त्या दोनदा ते नाव म्हणाल्या, गार्डसाहेबांचं नाव त्या पहिल्यांदाच उच्चारत होत्या. मग विचारलं, "आणि पोरगी? ती कुठं असती आता? माझ्या लग्नाला यायची म्हणून हटून बसलीती."

वहीच्या समासात, मुलीच्या नोंदीपुढं, नंतरच्या शाईनं तिच्या लग्नाची एक ओळ आहे: हुबळी, आणि साल. फादरनी हुबळीच्या चर्चच्या नावे पत्र लिहून दिलं. ते आज पोस्टात टाकलं, आणि सोबत आज्जींचा फोन नंबर त्यांच्या परवानगीनं दिला आहे.